पॉवर विंडो काढून हँडलची काच: चार प्रकारच्या रेग्युलेटर सेटची परीक्षा

आधी निकाल सांगून टाकू. तुमच्या मॉडेलची हँडलने काच फिरवायची साधी आवृत्ती कारखान्यातून निघालेली असेल, तर तिचाच मूळ रेग्युलेटर सेट बसवा: पाचपैकी साडेचार. भंगारात निघालेल्या तशाच गाडीतून काढलेला सेट: साडेतीन, कारण नव्या खोक्यात न मिळणाऱ्या काही वस्तू त्यात हाती लागतात. त्याच नमुन्यावर दुसऱ्या उत्पादकाने बनवलेला सेट (पुढे त्याला नकली म्हणू): तीन, तोही दोन गोष्टी तपासून घेतल्यावर. आणि ‘सर्व गाड्यांना बसतो’ असं छापलेला युनिव्हर्सल सेट: एक. तोही खोक्याचा पुठ्ठा चांगला जाड असतो म्हणून.

रेग्युलेटर म्हणजे दरवाज्याच्या पोटात बसून काच वर-खाली करणारी यंत्रणा. गॅरेजात तिला काचेचं मशीन म्हणतात, इथेही तसंच म्हणू.

हे रूपांतर कशासाठी करायचं, यावर दोन शब्द, कारण निम्मी कारणं फोल असतात. वजन कमी होतं म्हणावं तर एका दरवाज्यामागे मोटर जाते अर्धा ते एक किलोची, आणि बदल्यात हँडल, काच जागी धरणाऱ्या ब्रेकचा डबा, कधी जाड स्प्रिंग येते. हिशेब जेमतेम शिल्लक पडतो. डिकीतला पसारा उतरवला तर त्याहून जास्त वजन वाचेल. दुसरं कारण ‘इलेक्ट्रिकचं काही खरं नाही.’ पण बंद पडलेल्या पॉवर विंडोपैकी बऱ्याच ठिकाणी मोटर ठणठणीत असते. तुटलेली असते केबल, किंवा काच धरणारा प्लॅस्टिकचा सरकता तुकडा. केबलवाल्या हँडल-मशीनमध्येही हेच भाग असतात आणि तसेच तुटतात. म्हणून आधी कान द्या. स्विच दाबल्यावर मोटरचा आवाज येतो पण काच हलत नाही, तर दोष मशीनचा. आवाजच नाही, तर फ्यूज, स्विच आणि बिजागरीजवळच्या रबरी नळीत वाकून-वाकून तुटलेली वायर, या क्रमाने बघा. स्विच दाबलेला असताना मोटरच्या कपलरवर, म्हणजे वायर जोडायच्या प्लगवर, १२ व्होल्ट मिळत असूनही मोटर गप्प असेल, तरच मोटर गेली म्हणा.

मोटर नव्याने मिळतच नाही, गाडी वारंवार चिखलापाण्यात जाते आणि स्विच सडतात, किंवा गाडीची वायरिंगच मुळातून साधी करायची आहे, ही तीन कारणं मात्र पटण्यासारखी आहेत.

मोटर काढून तिच्या जागी नुसतं हँडल का लावता येत नाही, हे समजलं की कुठला सेट चांगला हेही समजतं. पॉवर विंडोच्या मोटरला वर्म गिअर, म्हणजे स्क्रूच्या आट्यांसारखा गिअर, असतो. मोटर काचेला फिरवू शकते, पण काच मोटरला उलटी फिरवू शकत नाही. म्हणून काच स्वतःच्या वजनाने खाली येत नाही आणि बाहेरून दाबूनही सरकत नाही. वर्म गेला की हे कुलूप गेलं. हँडलच्या मशीनमध्ये ते काम शाफ्टभोवतीची, म्हणजे हँडल ज्या दांड्यावर बसतं त्याभोवतीची, एक छोटी गुंडाळलेली स्प्रिंग करते; हाच मशीनचा ब्रेक. ती एका घट्ट बसवलेल्या डब्यात असते. काचेकडून जोर आला की ती फुगते आणि डब्याच्या भिंतीला आवळून बसते. हँडलकडून जोर आला की आकसते आणि सुटते. हँडलच्या अख्ख्या सेटमध्ये कमअस्सल बनावट पहिल्यांदा इथेच उघडी पडते.

ती घरबसल्या तपासता येते. मशीन शिकंज्यात हलकेच धरा, काच जिथे बसते तो भाग हाताने खाली दाबा. शाफ्ट जागचा हलता कामा नये. मग हँडल लावून दोन्ही दिशांनी फिरवा. सुरुवातीची थोडी मोकळी हालचाल चालेल, ती त्या स्प्रिंगच्या रचनेतच आहे. हँडल घड्याळाच्या काट्याच्या पाच मिनिटांइतकं, म्हणजे ३० अंशांच्या आसपास, रिकामं फिरत असेल तर सेट परत करा. मूळ सेटमध्ये ही हालचाल छोटी आणि दोन्ही बाजूंना सारखी लागते. नकली सेटमध्ये डावं आणि उजवं मशीनसुद्धा एकमेकांशी जुळत नाही, असं सर्रास आढळतं.

दुसरी तपासणी हँडलच्या दात्यांची. शाफ्टच्या टोकावर बारीक दाते असतात, त्यांची संख्या आणि जाडी प्रत्येक कंपनीची वेगळी. ‘जवळपास बसतंय’ म्हणून दुसऱ्या गाडीचं हँडल ठोकून बसवलं की ते महिनाभर चालतं, मग आतलं प्लॅस्टिक किंवा मऊ धातू घासला जातो आणि हँडल नुसतं फिरत राहतं. हँडल आणि शाफ्ट एकाच सेटमधले असावेत. हँडलच्या आतला दात्यांचा भाग स्टीलचा असेल तर उत्तम. पूर्ण प्लॅस्टिकचा असेल तर एक जोड जादा घेऊन ठेवा.

हँडल जड लागेल का, हा प्रश्न नेहमी येतो. काचेच्या वजनाची भीती उगाच आहे. काचेचं वजन दर चौरस मीटरला दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो. पुढच्या दरवाज्याची ४ मिलिमीटरची काच साधारण ०.३५ चौरस मीटर धरली तर साडेतीन किलो होते. ती ४५ सेंटिमीटर वर न्यायची आहे. १० सेंटिमीटर लांबीच्या हँडलच्या पाच फेऱ्यांत हे होत असेल, तर हात एकूण तीन मीटरहून थोडा जास्त फिरतो. हातावर काचेचा भार येतो जेमतेम अर्ध्या किलोचा, आणि मशीनला तोल सांभाळणारी स्प्रिंग असेल तर तोही नाही. मग काच जड का लागते? रबरामुळे. काचेच्या दोन्ही कडा आणि खालच्या पट्टीचे ओठ मिळून जे घर्षण करतात, ते वजनापेक्षा कितीतरी जास्त असतं. मोटर हे घर्षण निमूट सोसते आणि थोडा जास्त करंट घेते, म्हणून इतकी वर्षं ते कळत नाही. हँडल लावल्याबरोबर ते मनगटाला कळतं आणि शिव्या नव्या मशीनला बसतात.

तेव्हा सेटच्या बरोबरीने रबर चॅनेल, म्हणजे काचेच्या कडा ज्यात सरकतात ती रबरी खाच, बदला. जुनं टणक झालेलं, कोपऱ्यात आतलं मखमली अस्तर उडालेलं रबर ठेवून नवं मशीन बसवणं म्हणजे पैसे पाण्यात. चॅनेल ठीक असेल तर ओल्या फडक्याने आतली माती पुसा, वाळवा आणि सिलिकॉन स्प्रे मारा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल नको. खनिज तेलाने रबर फुगतं आणि वर धूळ चिकटून त्याचा सँडपेपर होतो.

आता सेट एकेक करून.

मूळ सेटमध्ये सहसा फक्त मशीन येतं. हँडल, त्यामागचा प्लॅस्टिकचा गोल वॉशर आणि घोड्याच्या नालेसारखी क्लिप हे वेगळे पार्ट नंबर असतात आणि ऑर्डर देताना ते विसरले जातात. दोन दरवाज्यांसाठी लागतं: एक डावं आणि एक उजवं मशीन, दोन हँडल, दोन वॉशर, चार क्लिप (दोन उडून गायब होतील असं धरूनच चाला), मशीनच्या बोल्टांची जोडी, दरवाज्याच्या आतली प्लॅस्टिक शीट किंवा ती चिकटवायला ब्युटिल टेप, आणि डोअर पॅडच्या, म्हणजे दरवाज्याच्या आतल्या आवरणाच्या क्लिप, प्रत्येक पॅडला आठ-दहा. शिवाय साध्या आवृत्तीची डोअर पॅड. पॅड न घेता आहे त्याच पॅडला भोक पाडणाऱ्यांचं अर्धं काम इथेच बिघडतं. पॉवर विंडोच्या आवृत्तीचं पॅड बऱ्याचदा जास्त जाड असतं. शाफ्ट त्यातून पुरेसा बाहेर येत नाही, हँडल दात्यांच्या निम्म्याच लांबीवर बसतं आणि लवकरच त्यांना खाऊन टाकतं. शाफ्टचं टोक आणि त्यावरची क्लिपची खाच पॅडच्या पृष्ठभागाच्या पूर्ण बाहेर यायला हवी.

भंगारातल्या सेटला साडेतीन गुण मिळतात ते या पॅडमुळेच. पॅड, हँडल, मशीन, बोल्ट, सगळं एकाच दरवाज्याचं, एकमेकांशी जुळलेलं. घेताना केबलच्या टोकांशी तारा विस्कटल्या आहेत का, सरकत्या तुकड्याला चीर आहे का, कात्री-प्रकारच्या (केबलऐवजी कात्रीसारखे लोखंडी हात असलेल्या) मशीनला गंज चढून सांधे अडले आहेत का, ते बघा. आणि त्या दरवाज्याच्या काचेकडेही नीट बघा. काही मॉडेलमध्ये हँडल आणि पॉवर आवृत्तीच्या काचेला भोकं वेगळ्या जागी असतात. तसं असेल तर काचही तिथूनच उचला.

एक अडचण आधीच सांगितलेली बरी. पुढे पॉवर आणि मागे हँडल अशा गाड्या भरपूर निघाल्या, त्यामुळे मागच्या दरवाज्यांची हँडल-मशीन सहज मिळतात. पुढची शोधावी लागतात. मागचं मशीन पुढे बसत नाही, विकणाऱ्याने कितीही शपथा घेतल्या तरी.

नकली सेट पूर्ण टाकाऊ नसतो. लोखंडी पट्ट्या, रूळ, बोल्टच्या जागा बहुधा बरोबर असतात. फसतात त्या केबलच्या नळीच्या टोकाच्या प्लॅस्टिक टोप्या, ब्रेकची स्प्रिंग आणि हँडल. वर सांगितलेल्या दोन परीक्षा पास झाल्या आणि रुळाला पुरेसं ग्रीस लावून बसवला, तर रोज न उघडणाऱ्या काचेला पुरतो. ड्रायव्हरच्या दरवाज्याला मात्र तो नको.

युनिव्हर्सल सेटबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. रूळ वाकवायचा, दरवाज्याच्या पत्र्यात नवी भोकं पाडायची, काचेच्या खालच्या कडेला पट्टी चिकटवायची. दरवाज्याची काच वक्र असते आणि रुळाची वक्रता तिच्याशी जुळली नाही, तर काच वर जाताना बाहेर किंवा आत रेलते. वाऱ्याची शिटी, पाण्याची गळती, रबर खाणं, सगळं तिथून सुरू होतं.

सेट मागवण्याआधी गाडी या कामाला लायक आहे का, ते बघून घ्या. दरवाज्याला काचेभोवती चौकट नसेल, तर विषयच सोडा. अशा बऱ्याच गाड्यांत दरवाजा उघडताना काच आपोआप थोडी खाली येते आणि बंद झाल्यावर वर जाऊन रबरात बसते. हे हँडलने होणार नाही. दरवाज्यातलं सगळं सामान एकाच मोठ्या प्लॅस्टिक किंवा लोखंडी पाटीवर बसवलेलं असेल, तर साध्या आवृत्तीची ती अख्खी पाटी लागेल. काही गाड्यांत बाजूची एअरबॅग उघडायची की नाही, हे दरवाज्याच्या पोकळीतला दाब मोजणारा सेन्सर ठरवतो. तिथे पत्र्यात एकही जादा भोक नको आणि आतली शीट कारखान्यात होती तशीच हवाबंद बसली पाहिजे.

मग मास्टर स्विच, म्हणजे ड्रायव्हरजवळचा सगळ्या काचांचा स्विच. जुन्या पद्धतीच्या वायरिंगमध्ये इतर दरवाज्यांच्या मोटरला अर्थिंग (निगेटिव्हची जोड) मिळतं ते ड्रायव्हरच्या स्विचमधून. फक्त ड्रायव्हरची काच हँडलवर आणून स्विच काढून टाकला, की बाकीच्या तिन्ही काचा मरतात. एकच दरवाजा बदलायचा असेल तर मास्टर स्विच जागेवर राहू द्या. नव्या गाड्यांमध्ये त्याच पॅनेलवर आरसे आणि सेंट्रल लॉक असतात आणि तो गाडीच्या कॉम्प्युटरशी बोलत असतो. काढला की डॅशबोर्डवर दिवे लागतात.

काम सुरू करताना पहिली चूक होते ती बॅटरी काढण्याची. काढायची आहेच, पण काच योग्य जागी आणल्यानंतर. दरवाज्याच्या आतल्या पत्र्याला दोन मोठी भोकं असतात, त्यांतून काच धरणारे बोल्ट दिसतील इतकी काच मोटरनेच खाली घ्या. मग बॅटरीचं निगेटिव्ह काढा आणि एअरबॅगसाठी गाडीच्या पुस्तकात दिलेला वेळ थांबा.

पॅडचे स्क्रू आर्मरेस्टच्या खाचेत, आतल्या हँडलच्या मागे आणि कडेच्या टोप्यांखाली लपलेले असतात. ते निघाल्यावर पॅड खालून सोडवत वर उचला. ओढू नका, मागे वायर आणि लॉकची तार आहे. शीट फाडायची नाही. ब्युटिलचा थर हेअर ड्रायरने कोमट करून ती एका कडेने सोलून काढा. काचेचे बोल्ट सैल करा, काच हाताने वर ढकला आणि चौकटीवरून रुंद चिकटपट्टीच्या तीन-चार पट्ट्या आतून-बाहेरून मारा. वर एक लाकडी पाचर. एकाच पट्टीवर भरवसा ठेवला, तर काच पोटात पडते. टेम्पर्ड काच पृष्ठभागावर मार सोसेल, कडेवर नाही.

आता जुनं मशीन. ते मोटरसकट काढा. कात्री-प्रकारच्या मशीनवर ताणलेली जाड स्प्रिंग असते आणि तिला अडवून धरणारी वस्तू म्हणजे मोटरचा वर्म. मोटर सुटी केली की मशीनचे हात सपकन फिरतात आणि मधे आलेलं बोट तुटू शकतं. रूपांतराच्या कामात मोटर वेगळी करायची गरजच नाही. मशीन रिव्हेटने बसवलेलं असेल तर रिव्हेटच्या डोक्यांवर ६ मिलिमीटरच्या आसपासचं ड्रिल चालवा, फक्त डोकं उडेपर्यंत. पुढे गेलं की भोक मोठं होतं. जागी परत तेवढ्याच मापाचे रिव्हेट किंवा एम-६चे फ्लँज बोल्ट आणि नायलॉक नट. ड्रिलचा चुरा दरवाज्याच्या तळातून चुंबकाने काढा, नाहीतर तिथेच गंज धरतो, आणि उघड्या पडलेल्या पत्र्याला झिंक प्रायमर लावा.

साधी आवृत्तीही निघालेल्या मॉडेलमध्ये शाफ्टचं भोक आणि बोल्टच्या जागा दरवाज्यात बहुधा आधीच असतात, रबरी बुचाने झाकलेल्या. नवं मशीन आत घालून सगळे बोल्ट बोटाने लावा, आवळू नका. हँडल तात्पुरतं लावा, काच उतरवून मशीनवर बसवा आणि हळूहळू पूर्ण वर न्या. काच वरच्या रबरात दोन्ही कोपऱ्यांनी सारखी बसली की त्याच अवस्थेत बोल्ट आवळा. मशीनच्या एम-६ बोल्टांना ८ ते १० न्यूटन-मीटर पुरतं, काचेच्या पकडीला त्याहून कमी. खाली असताना आवळलं तर काच तिरकी चढते आणि शेवटच्या चार बोटांत अडते. दहा वेळा वर-खाली करून बघा, मगच पॅड.

मोटरची वायर कापू नका. कपलरवर कापडी टेप गुंडाळा म्हणजे तो खडखडणार नाही, आणि काचेच्या वाटेपासून दूर बांधा. फ्यूज काढायचा तर तो फक्त खिडक्यांचाच आहे ना, हे आकृतीत बघून. सनरूफ त्याच्यावरच असू शकतं.

हँडल बसवताना क्लिप आधी हँडलच्या खाचेत सरकवा आणि मग हँडल शाफ्टवर तळहाताने ठोका; ‘टक’ आवाज आला की बसलं. काच पूर्ण बंद असताना हँडल गुडघ्याला लागणार नाही अशा कोनात ठेवा, आणि डावं-उजवं एकमेकांचं प्रतिबिंब दिसेल असं. पुन्हा काढायचं झालं तर हँडलच्या मागे फडकं घालून, बूट पुसल्यासारखं पुढे-मागे ओढा. क्लिप उडते, म्हणून वर दुसरा हात धरा.

बसवल्यानंतर येणाऱ्या तक्रारी ओळखीच्या असतात. खड्ड्यातून जाताना काच बोट-बोट खाली येते: ब्रेकची स्प्रिंग सरकते आहे, मशीन बदला, तिथे तेल मारून उलट बिघडतं. फिरवताना कट-कट आवाज येतो: केबल ती गुंडाळणाऱ्या ड्रमवरून उतरली किंवा कात्रीच्या दात्यात चुरा अडकला. काच पुढच्या बाजूला कलते: मागच्या रुळाचे बोल्ट सैल करून पुन्हा वरच्या अवस्थेत आवळा. पावसानंतर पायाखालची मॅट ओली होते: शीटची खालची कड नीट चिकटलेली नाही. पाणी काचेच्या बाजूने दरवाज्यात येणारच, ते शीटच्या मागून खालच्या छिद्रांतून बाहेर गेलं पाहिजे. ती छिद्रं तारेने मोकळी करा.

मागच्या दरवाज्यांचं रूपांतर करताना एक गोष्ट सुटते. ड्रायव्हरजवळचं खिडकी-लॉकचं बटण आता त्या काचांना लागू नाही, म्हणजे मागे बसलेलं मूल काच कधीही उघडू शकतं. दरवाज्याच्या कडेचं चाइल्ड लॉक फक्त दरवाजा अडवतं, काच नाही. अशा घरात मागचे दोन दरवाजे पॉवरवरच राहू द्यावेत, फक्त पुढचे बदलावेत. मास्टर स्विच तर त्यासाठी जागेवर आहेच.